गोवरानंतरची भाजी

माझ्या मायला माणसांची नावं लक्षात राहत नसत, कातडी मात्र राहायची. आठवडी बाजारात एखादी बाई समोर आली की ती कोण, कुणाची सून, हे मी मायच्या कानात सांगायचं, आणि माय मला सांगायची, "हिच्या मोठ्या पोराले मानेवर नायटा होता, लय दिस हटला नवता." देऊळघाटात आमच्या आळीत कुणाच्या लेकराच्या अंगावर काहीही उठलं की ते लेकरू आधी आमच्या मळ्यात यायचं. बुलढाण्याचा दवाखाना काही फार दूर नव्हता, पण पुरळ दाखवायला दवाखान्यात जायचं असतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. महाराष्ट्र राज्य होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. ताप आला तरच माणूस दवाखान्यात जायचा, तोही शेवटी शेवटी.

माय विहिरीपाशी भाजी धूत बसलेली असायची. लेकरू आलं की हात पदराला पुसून त्याला उन्हात उभं करायची आणि सदरा काढायला लावायची. आधी कानामागं पाहायची, मग बोटांच्या बेचक्यात, मग पोटावर. अंगठ्यानं पुरळ दाबून सोडायची. लेकराची आई तिकडे जीव मुठीत धरून उभी, आणि ही बाई आपली भाकरीचं पीठ नीट मळलंय का पाहावं तशी पाहत बसलेली. मग एकदम निकाल द्यायची.

बोटांच्या बेचक्यात खाजवून खाजवून लाल झालेलं असलं आणि घरात सगळेच खाजवत असले तर खरूज. मग एकट्या लेकराला औषध लावून भागायचं नाही. घरातल्या झाडून सगळ्यांनी करंजाच्या तेलात गंधक घालून अंगाला चोळायचं, गोधड्या-कपडे उकळून उन्हात टाकायचे. "आमाले नाही खरूज," असं एखादी सासू फणकाऱ्यानं म्हणाली की माय म्हणायची, "आज नाही, उद्या येईन. चोय मुकाट्यानं." गोल चट्टा, त्याची कड उठलेली, तर नायटा, त्याला टाकळ्याचा पाला. अंगावर गांधी उठल्या तर पित्त. त्याला गेरू फासून घोंगडीत गुंडाळायचं. गेरूनं काही व्हायचं की नाही देव जाणे, गांधी आपल्या आपणच जायच्या आणि नाव गेरूचं व्हायचं. आणि उन्हाळ्यात मानेवर-पाठीवर बारीक बारीक उठलं, पण लेकरू हुंदडतंय, खातंय, तर ते घामोळं. त्याला काही लावायचं नाही, गार पाण्यानं अंग पुसायचं. एका बाईनं लेकराला भावानं आणलेलं टेरिलीनचं झबलं भर वैशाखात घातलं होतं आणि वर विचारत होती, घामोळं काऊन जात नाही. माय म्हणाली, "झबलं तू घाल अन् पोराले उघडं ठेव."

एवढं शहाणपण होतं तिच्याजवळ. मी पुढे बुलढाण्याला शाळेत शिकवायला लागले तेव्हा प्रार्थनेच्या रांगेत मुलांचे हात उलटेपालटे करून बोटांच्या बेचक्यात पाहायची खोड मला तिच्यामुळेच लागली. मुलं मागं मला खरूजबाई म्हणत. म्हणोत बापडी.

पण हे सगळं झालं 'हाताचं'. मायच्या लेखी पुरळाच्या दोनच जाती होत्या, एक हाताचं आणि एक मातेचं. गोवर आणि कांजण्या या मातेच्या. त्याही ती बिनचूक ओळखायची. आधी ताप, खोकला, नाक वाहतंय, डोळे लालभडक आणि पाणी गळतंय, मग कानामागून पुरळ निघून तोंडावर आणि तिथून खाली उतरतंय, तर गोवर. पोटा-पाठीवर पाण्याचे फोड, जुने सुकताहेत तोवर नवे येताहेत, तर कांजण्या. इतकं नेमकं ओळखायची, आणि ओळखून झालं की हात जोडायची. "हे माह्या हाताचं नाही, माय. बाई आली. पाणी वाहा अन् जपा." अजून मला त्या जोडलेल्या हातांचा राग येतो. माझ्या धाकट्या बहिणीचे डोळे त्या हातांमधून गेले, हे मी आता लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला भलती आशा नको.

बाई आली म्हणजे काय करायचं ते गावात सगळ्यांना पाठ होतं. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे. घरात फोडणी नाही, तळण नाही, तेल-तूप नाही. विळीवर पाला चिरायचा नाही, कारण पाला चिरला तर बाईच्या अंगावर वार होतो. लेकरू अंधाऱ्या खोलीत निजवायचं, त्याच्या तोंडावर उजेड येऊ द्यायचा नाही. डोळ्यांना हात लावायचा नाही; बाईनं मिटवलेत, तीच उघडील. आणि बाईची पाठवणी होईपर्यंत लेकराला गावाची वेस ओलांडू द्यायची नाही. गावाबाहेर कडुलिंबाखाली मातामायचं ठाणं होतं, शेंदूर फासलेले दगड. बायका तिथे घागरी ओतायच्या आणि म्हणायच्या, आली तशी सुखानं जा.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमचा भाजीचा मळा होता, पैनगंगेच्या अलीकडे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, गाजरं, वांगी. पहाटे जुड्या बांधायच्या, पाणी शिंपडून गोणपाटात गुंडाळायच्या आणि बाबांनी बैलगाडीतून त्या बुलढाण्याला न्यायच्या. पण घरात पालेभाजी शिजायची नाही. आम्ही काही उपाशी मरणारे नव्हतो. ती रीतच होती. भाजी बाजाराची, चून-भाकर घरची. चून म्हणजे बेसनाचं पिठलं, ठेचा, कण्या, कधी दाळ. पिवळी पडलेली, किडकी मेथी असायची ती म्हशीला जायची, आणि म्हशीचं दूध-तूपही बाजाराला. "माळ्याच्या पोरानं मेथी खाल्ली तं गावानं काय खावं?" असं बाबा हसत म्हणायचे, आणि आम्हीही हसायचो. सबंध बुलढाण्याला आमची भाजी जायची आणि आमच्या चुलीला तिचा वास माहीत नव्हता.

धाकटी चार वर्षांची असेल. दिवसा ही पोर चिंचेवर चढायची, आणि दिवस कलला की उंबऱ्याला ठेचकाळायची, पाण्याच्या गुंडाला धडकायची. समोर धरलेली भाकर तिला सापडायची नाही. आम्ही तिला सांजखुळी म्हणायचो. तीही सांज झाली की आमचा हात धरून चालायची आणि स्वतःच सांगायची, "मी सांजखुळी हाय." घरात हसू व्हायचं.

होळीच्या आसपास गावात गोवराची साथ आली. शेजारच्या घरातलं लेकरू त्यात गेलं. मग एके दिवशी धाकटी तापानं फणफणली, खोकायला लागली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मायनं नेहमीच्या सवयीनं तिचा कान मुडपून मागं पाहिलं आणि तिचा हात तिथेच थांबला. मी समोरच उभी होते. दुसऱ्यांच्या शंभर लेकरांना पाहताना मायचा चेहरा कधी हलला नव्हता, तो त्या दिवशी हलला. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आपल्या चार वर्षांच्या पोरीपुढे हात जोडले. "आलीस, माय? आली तशी सुखानं जाय. माही पोरगी नोको नेऊ."

बाबा गाडी जुंपत होते. ते म्हणाले, "दवाखान्यात दाखवून आणू का वं? मी भाजी घेऊन जाऊनच राह्यलो. गाडीत टाकतो तिले."

"बाई अंगात असतानी वेस ओलांडता?" माय म्हणाली. "पोरगी नोको झाली काय तुमाले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुरळाच्या बाबतीत गाव मायचं ऐकायचं, तिथे नवऱ्याची काय कथा. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी गेली. गाडीत मेथी आणि गाजरं होती. हे मला आठवतं, कारण मी स्वतः त्या जुड्या बांधल्या होत्या.

मागच्या खोलीच्या खिडकीला मायनं गोणपाट ठोकलं. आत काही दिसायचं नाही, फक्त कडुलिंबाचा कडू वास आणि धाकटीचा खोकला. मी तिच्या उशाशी बसून डहाळीनं वारा घालायची. तिला ताकातल्या कण्या द्यायच्या, दहीभात द्यायचा. तेही ती दोन घास घेऊन थुंकायची. डोळे चिकटून बसले होते. "मले दुखते, उजेड नोको," एवढंच म्हणायची. आम्हाला वाटलं, बरंच आहे, बाईलाही उजेड नकोच असतो. माय पहाटे जाऊन ठाण्यावर घागर ओतून यायची आणि दिवसभर पोरीपाशी बसायची. तिनं त्या दिवसांत डोक्याला तेल लावलं नाही, केस विंचरले नाहीत, पोटभर जेवली नाही. आपल्या परीनं तिनं काहीही करायचं ठेवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिला कुणी हलगर्जी म्हटलं तर मी त्याचं तोंड धरीन.

मग पुरळ काळसर पडलं, अंगावरून कोंड्यासारखी साल निघायला लागली. ताप उतरला. धाकटीनं भाकर मागितली. मायनं मला जवळ ओढून माझे मुके घेतले, जणू मीच आजारातून उठले होते.

शुक्रवारी बाईची पाठवणी केली. कडुलिंबाचा पाला घातलेलं पाणी उन्हात तापवलं, अंगणात पाटावर बसवून धाकटीला न्हाऊ घातलं. आळीतल्या लेकरांना दहीभात वाढला. बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं कौतुकानं बत्तासा पुढे धरला आणि म्हणाली, "घे वं, मोठी बाईले जिंकून आली!"

धाकटीनं हात पुढे केला तो बत्ताशाच्या बाजूला, हवेतच. मग खाली नेला. मग आपल्या मांडीवर चाचपायला लागली.

बायका हसल्या. तापानं अशक्त झाली म्हणाल्या. मायही हसली. मग हसता हसता तिनं धाकटीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, दुसऱ्यांच्या लेकरांचं वळवायची तसंच. चैत्राचं रणरणतं ऊन होतं. पोरीनं डोळे मिटले नाहीत. दोन्ही बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखं पांढरं फूल पडलं होतं.

"माय, तू कुठं हायेस?" धाकटी म्हणाली. माय तिच्या नाकासमोर होती.

त्याच दुपारी बाबांनी तिला बुलढाण्याला नेलं. आता वेस ओलांडायला हरकत नव्हती. माय बाहेर व्हरांड्यात बसून राहिली, तिला आत जायचा धीर झाला नाही. डॉक्टरांनी डोळे पाहिले, मान हलवली आणि बाबांना विचारलं की पोरीला पालेभाज्या, गाजरं असं काही मिळत होतं का. बाबा म्हणाले, "साहेब, आमचा तं मळाच हाय." डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. उशीर झाला, इतकंच सांगितलं. हा प्रश्न बाबांना इतका विचित्र वाटला की घरी आल्यावर त्यांनी आम्हाला तो सांगितला. डोळ्यांचा आणि मेथीचा काय संबंध? नंतर ते तो विसरून गेले.

मायनं मात्र आपला हिशेब लावून घेतला होता. मातेनं डोळे घेतले आणि पोरगी ठेवली. शेजारणीची तर पोरगीच नेली होती. या सौद्यात आपल्याला जास्त मिळालं, असं ती मनापासून मानायची. दर चैत्रात ठाण्यावर जाऊन घागर ओतायची, आणि धाकटीलाही हाताला धरून न्यायची. मला ते पाहून चीड यायची. आता वाटतं, ती वर्षं मायची त्यातल्या त्यात सुखाची होती. रडली, पण कुणाला दोष न देता रडली, स्वतःलाही नाही.

धाकटी वाढली. अंधार तिला लवकरच अंगवळणी पडला. पोर होती ती. मळ्यात बसून सांबाराच्या जुड्या बांधायला शिकली आणि आमच्या सगळ्यांपेक्षा झपाझप बांधायला लागली. बोलायला तिखट होती. कुणी हळहळलं की म्हणायची, "तुमाले दिसते न? मंग रस्त्यातून बाजूले व्हा."

ती दहा वर्षांची झाली तेव्हा गावच्या शाळेत आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. आयाबायांना बोलावलं होतं. नर्सबाई वयानं लहानच होत्या, पांढरं पातळ, हातात लेकरांची चित्रं काढलेले कागद. पुरळांची माहिती सांगणार म्हटल्यावर बायकांनी मायला पुढे बसवलं. तिच्याच खात्यातला विषय होता ना. माय पुढे बसली, धाकटी तिच्या मांडीला टेकून, मी मागं.

खरूज, नायटा, घामोळं झालं. माय मान डोलावत होती. नर्सबाईंनी घरातल्या सगळ्यांनी औषध लावायचं म्हटलं तेव्हा तिनं मागं वळून त्या फणकारणाऱ्या सासूकडे विजयानं पाहिलंसुद्धा. मग गोवर निघाला. नर्सबाई म्हणाल्या, गोवरात लेकराला अंधारात कोंडू नका, डोळे उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसा, रोज उघडून पाहा. खोकला वाढला, धाप लागली, डोळे बिघडले तर लगेच दवाखान्यात आणा. खाणं तोडू नका. पालेभाजी, गाजर, पपई, अंडं, दूध, तेल-तूप द्या. ज्या लेकराला हे आधीपासून मिळत नाही त्याला सांजेला दिसेनासं होतं, ते धडपडायला लागतं. तशा लेकराला गोवर आला की डोळ्यांत फूल पडतं.

खोलीत बायका होत्या, त्यांची रडकी पोरं होती, गोंधळ होता. मायनं हात वर केला. शाळेत कधी न गेलेली माझी माय, पण हात वर करून विचारायचं असतं हे तिनं कुठंतरी पाहिलं असावं.

"बाई, अन् ज्याच्या घरीच भाजी पिकते त्याचं?"

"पिकून काय उपयोग, मावशी," नर्सबाई सरळ मनानं म्हणाल्या. "पोटात गेली पाहिजे."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. त्या पुढे बोलत राहिल्या, मग लहान लेकरांना रांगेनं पिवळसर तेलकट औषध चमच्यानं पाजू लागल्या. माय उठली आणि बाहेर गेली. धाकटीला तिथेच सोडून गेली, असं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

मी धाकटीला शेजारणीजवळ बसवून मळ्यात धावले. माय मेथीच्या वाफ्यात बसली होती. रडत नव्हती. दोन्ही हातांनी मेथी उपटत होती आणि तशीच मातीसकट मांडीवर ठेवत होती. मला पाहिल्यावर म्हणाली, "मातेनं नाही घेतले डोये."

मी पंधरा वर्षांची. तिच्याजवळ खाली बसले.

"तिले नोको सांगू," माय म्हणाली. "माही आन हाय तुले. मायनं डोये घेतले असं तिले नोको समजू देऊ. माह्याजवय मंग ती कशी राहीन?"

मी आण घेतली. आयुष्यभर पाळली.

त्या दिवसापासून आमच्या घरची रीत बदलली. माय रोज पालेभाजी करायची. मेथी, पालक, चवळी, आंबटचुका, शेवग्याचा पाला, जे असेल ते. बाजाराची पहिली जुडी निघायच्या आधी घरची निघायची. धाकटीच्या ताटात स्वतः वाढायची आणि ती शेवटचा घास संपवेपर्यंत समोर बसून राहायची. शेजारीण मला म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला तुह्या मायनं." तिला वाटलं असेल, आपण शहाणपणाचं बोललो. मी तिच्या अंगणात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

गावात कुठे गोवर निघाला की माय मेथीची जुडी घेऊन त्या घरी उभी राहायची. "पाला राहू द्या दाराले," म्हणायची, "पन गोणपाट काढा अन् लेकराले भाजी घाला. डोये पाहा रोज." कुणी ऐकायचं, कुणी म्हणायचं, कालपर्यंत हात जोडत होती आणि आज शिकवते. ती निमूट ऐकून घ्यायची. आधी तिला कुणी उलट बोललं तर त्याची धडगत नसायची. धाप लागलेल्या एका लेकराला तर तिनं आईसकट बाबांच्या गाडीत घालून बुलढाण्याला नेलं. ते वाचलं. त्याच्या आईनं चोळीचा खण आणला, तर मायनं तो घेतला नाही.

पण हे सगळं मी पाहून सोडून दिलं असतं. एक गोष्ट मात्र बघवायची नाही. सकाळी धाकटीची वेणी घालायच्या निमित्तानं माय तिला अंगणात उन्हात बसवायची, हनुवटी धरायची आणि बुबुळांत बघत राहायची. एवढी भाजी जाते आहे पोटात, फूल जरा तरी विरघळलं का? हे ती तोंडानं कधी बोलली नाही. मग हळूच हनुवटी सोडायची आणि वेणी घालायला लागायची. धाकटी चाळिशी ओलांडून गेली, तिचे केस पिकले, तरी हे चालूच होतं. मी सुटीत घरी आले की म्हणायचे, "माय, तिला एखाद दिवस दुसरं काही दे की." माय म्हणायची, "खाऊ दे. आवडते तिले." आणि धाकटी ताटातून मान वर न करता म्हणायची, "हो, आवडते मले."

बाबा आधीच गेले होते. माय गेली ती उन्हाळ्यात, चार दिवसांच्या दुखण्यानं. धाकटीला मी बुलढाण्याला माझ्या घरी आणलं. तेरावं उरकून आम्ही दोघीच उरलो होतो. मी बाजारातून मेथी आणली, निवडली, मायसारखीच लसूण घालून केली आणि तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. तिनं बोटांनी ताट चाचपलं. भाजीला बोट लागल्यावर ताट जरासं दूर सरकवलं.

"ताई, चून असन त दे. मेथी नोको."

"अगं, मेथी तर तुझी आवडती."

"कोन म्हनते?"

"तूच म्हणायचीस. माय म्हणायची."

"मले कडू लागते," ती म्हणाली. "पह्यल्यापासून."

"मग इतकी वर्षं खाल्लीस ती?"

तिनं पाण्याचा पेला हातानं शोधला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. "शाळेत नर्सबाई आली होती न, तवा मी मायच्या मांडीले टेकून होती. बाईनं डोयाचं सांगतलं अन् तिची मांडी लटलट कापाले लागली. मी का एवढी लहान होती? समजली मी."

तिला न सांगण्यासाठी मी जन्मभर जीभ चावली होती. माय तर ते ओठांआड धरूनच गेली.

"मग तिला कधी बोलली का नाहीस?" मला रडू आवरत नव्हतं. "एकदा म्हणायचं होतंस, माय, माझा राग नाही तुझ्यावर. तिचा जीव किती जळत होता गं."

"तसं म्हनलं असतं त तिले समजलं असतं की मले माहीत हाय," धाकटी म्हणाली. "मंग ती माह्यासमोर बसलीच नसती. रोज पाहे ती डोये. मी भाजी नाही म्हनली असती त काय समजली असती ती? की आता काही होत नाही. ताई, मायले माह्यासाठी तेवढंच एक करता येत होतं. तेही नोको म्हनू काय?"

मी तिच्या ताटातली मेथी काढून घेतली आणि चून टाकायला उठले.